प्रमोशन हवंय ना, मग जूनपासूनच कामाला लागा

एप्रिल-मे आला की मला फोन यायला लागतात. कधी जुनी सहकारी, कधी मैत्रिणीची धाकटी बहीण, कधी शेजारच्या काकूंची सून. सांगणं साधारण एकच असतं, ताई वर्षभर मान मोडून काम केलं, सगळे म्हणत होते यावेळी तुझंच होणार, आणि लेटर हातात आलं तर रेटिंग मधलंच आणि प्रमोशन माझ्यानंतर जॉइन झालेल्या मुलाला, आता काय करू. मला वाईट याचं वाटतं की एप्रिलमध्ये करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. जे करायचं ते जून ते जानेवारी. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतेय, जिला उपयोग होईल तिने घ्यावं, आणि पुढे पाठवावंसं वाटलं तर जरूर पाठवा.

मी पुण्यातच नोकरी करते, आधी चाकणला एका कारखान्यात होते, नंतर हिंजवडीत आयटीत आले, आणि कोण वर जाणार हे जिथे ठरतं त्या मीटिंगमध्ये आता बरीच वर्षं मॅनेजर म्हणून बसते. त्यामुळे आतून काय दिसतं ते सांगते.

आधी प्रमोशन ठरतं कसं ते समजून घ्या

बऱ्याच कंपन्या एप्रिल ते मार्च असं वर्ष धरतात, काही जानेवारी ते डिसेंबर. तुमच्याकडे कोणतं ते आधी एचआरला विचारा, हेच माहीत नसलेल्या खूप मुली मला भेटल्यात. वर्ष संपता संपता सेल्फ अप्रेझल (म्हणजे वर्षभरात काय केलं त्याचा स्वतःच भरायचा फॉर्म) भरून घेतात, मग डिपार्टमेंटचे सगळे मॅनेजर एका खोलीत बसतात, समोर एक्सेल शीट, वीस-पंचवीस नावं आणि जागा दोन किंवा तीन. याला कॅलिब्रेशन म्हणतात. एकेका नावाला पाच मिनिटं मिळाली तरी खूप झालं. तेवढ्या वेळात तुमचा मॅनेजर तुमच्याबद्दल काय सांगतो आणि बाकीच्यांपैकी कोणी "हो, मी पण पाहिलंय तिचं काम" म्हणतं का, यावर सगळं ठरतं. तुम्ही तिथे नसता.

आणि त्या खोलीत बायकांबद्दल काय बोललं जातं ते ऐका. "तिचं आत्ताच लग्न झालंय, एक वर्ष जाऊ दे." "बाळ लहान आहे, ऑनसाइट (म्हणजे परदेशी क्लायंटकडे) कुठे पाठवणार तिला." "फार सिन्सिअर मुलगी आहे, पण क्लायंटसमोर जरा शांत वाटते." मुलाबद्दल मात्र "अजून थोडा कच्चा आहे पण तयार होईल, देऊन बघू". म्हणजे त्याला पुढे काय जमेल यावर आणि तिला आजपर्यंत काय केलं यावर मोजतात. बोलणारी माणसं वाईट असतात असं नाही, कित्येकांना मनापासून वाटत असतं की आपण तिची काळजीच घेतोय. पण तिला विचारलंय का कोणी, ऑनसाइट जायचंय का, लीड व्हायचंय का? बहुतेक वेळा कोणीच विचारलेलं नसतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी आणि लीनइन ही बायकांसाठी काम करणारी संस्था दरवर्षी अमेरिकेतल्या कंपन्यांचा रिपोर्ट काढतात, २०२४ च्या रिपोर्टमध्ये १०० पुरुष पहिल्यांदा मॅनेजर झाले तेव्हा त्यांच्या तुलनेत बायका ८१ च झाल्या. म्हणजे अडकतं ते पहिल्याच पायरीवर, डायरेक्टर वगैरे होण्याची गोष्ट फार नंतरची. म्हणून ज्यांची नोकरी चार-सहा वर्षांची झालीय त्यांनी हे जास्त लक्ष देऊन वाचा.

काम लिहून ठेवा, दर आठवड्याला

सगळ्यात आधी हे करा, कारण बाकीचं सगळं यावर उभं राहतं. एक वही किंवा फोनमधली नोट घ्या आणि शुक्रवारी निघण्याआधी पंधरा मिनिटं बसून आठवड्यात काय केलं ते लिहा (भोसरी, पिंपरी एमआयडीसीवाल्यांना गुरुवारची सुट्टी असते, त्यांनी बुधवारी). फेब्रुवारीत बसून मागच्या जूनमधलं आठवत नाही, मॅनेजरला तर नाहीच नाही, त्याच्या डोक्यात शेवटचे दोन-तीन महिने असतात.

पण काय लिहायचं ते महत्त्वाचं. "रिलीजमध्ये मदत केली" हे वाक्य त्या खोलीत कोणी वाचूनही दाखवणार नाही. त्याऐवजी "पेमेंट मोड्यूलचं पूर्ण टेस्टिंग माझ्याकडे होतं, लाइव्ह जायच्या आधी दोन मोठे डिफेक्ट मी पकडले, त्यामुळे रिलीज मागे घ्यावा लागला नाही". कारखान्यात असाल तर "लाइनवरचं रिजेक्शन कशामुळे होतंय ते शोधलं, फिक्स्चर बदलायचं मी सुचवलं, सप्लायरशी मी बोलले, आधी इतकं होतं आता इतकं आहे". आकडा जमेल तिथे आकडा टाकाच. कॉलेजात शिकवत असाल तर नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) कोणत्या क्रायटेरियनची फाइल तुम्ही एकटीने उभी केली ते लिहा, कारण ते काम करणाऱ्या बाई वेगळ्या आणि प्रेझेंटेशन देणारे सर वेगळे असं खूप ठिकाणी होतं.

आणि "आम्ही केलं" लिहायची सवय सोडा. टीमने केलं ते टीमचं, पण त्यातलं तुमचं काय ते "मी" लावूनच लिहायचं. आपल्याला घरून शिकवलेलं असतं की स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, आणि घरात ते ठीक आहे, पण अप्रेझल फॉर्म म्हणजे कौतुक नाही, तो हिशोब आहे. हिशोबात स्वतःचे पैसे कमी लिहून काय मिळणार.

क्लायंटने, दुसऱ्या टीमने कौतुकाचा मेल पाठवला तर ऑफिसच्याच मेलमध्ये वेगळा फोल्डर करून ठेवा. स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका, बऱ्याच कंपन्यांत तो पॉलिसीचा भंग धरतात आणि त्यावरून नोकरीपण जाऊ शकते. वहीत फक्त तारीख आणि मेल कोणाचा होता एवढं टिपलं तरी पुरतं. तोंडी कौतुक झालं तर लाजू नका, हसून म्हणायचं, "सर, हेच दोन ओळींत मेलवर टाकाल का, माझ्या मॅनेजरला सीसी करून." लोक टाकतात. खरंच टाकतात, मागायला मात्र लागतं.

सदाशिव पेठेतल्या सीएच्या ऑफिसात किंवा एखाद्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये काम करत असाल, जिथे अप्रेझल नावाचा प्रकारच नाही, तिथे तर हे जास्त करा. वर्षाच्या शेवटी एक पानभर लिहून सरांच्या हातात द्यायचं, यावर्षी मी एवढ्या फाइली एकटीने सांभाळल्या, नवीन दोन मुलींना शिकवलं, जीएसटीचं काम आता पूर्ण माझ्याकडे आहे, पगाराबद्दल बोलायचंय. नुसतं तोंडी बोललं की "बघू" वर जातं.

ऑफिसचं गणपती डेकोरेशन आणि बाकी सगळं

प्रत्येक ऑफिसात काही कामं अशी असतात की ती कोणीतरी करावी लागतात पण त्यांचं प्रमोशनमध्ये शून्य वजन असतं. मीटिंगचे मिनिट्स लिहिणं, नवीन आलेल्यांना सीट आणि आयडी कार्ड मिळवून देणं, वाढदिवसाचा केक, गणपतीचं डेकोरेशन, ट्रॅडिशनल डे, दिवाळीची रांगोळी, ८ मार्चचा कार्यक्रम (हा तर बायकांसाठी असतो आणि बायकाच दोन आठवडे त्याच्या तयारीत!). लिंडा बॅबकॉक या अमेरिकन अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकारी यांनी यावर प्रयोग केलेत. स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटात असलं बिनफायद्याचं काम घ्यायला बायका पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त वेळा पुढे आल्या, पण सगळेच पुरुष असलेल्या गटात पुरुष गपचूप पुढे आले. म्हणजे बायकांना आवड असते असं काही नाही, कोणीतरी बाई घेईल हे सगळ्यांनी, अगदी बायकांनीसुद्धा, धरलेलं असतं. आणि विचारणारेही बायकांनाच जास्त विचारतात.

मला गणपतीचं डेकोरेशन आवडतं आणि मी दरवर्षी करते. आवडतं ते करा. पण आवडत नसताना, रिलीज डोक्यावर असताना फक्त "तू छान करतेस गं" म्हटलं म्हणून घेऊ नका. सरळ नाही म्हणणं अवघड जातं, विशेषतः नवीन असताना, तर मी जे वापरते ते सांगते. पहिलं म्हणजे पाळी लावायची: "मिनिट्स मागच्या तीन मीटिंगला मी लिहिले, आता नावाच्या क्रमाने घेऊया का सगळे." याला कोणी नाही म्हणू शकत नाही. दुसरं, मॅनेजरलाच ठरवायला लावायचं: "सर, हे घेते, पण मग शुक्रवारची डिलिव्हरी कोणाला देऊ?" आणि तिसरं, विचारलं की लगेच हो म्हणायचं नाही. "संध्याकाळपर्यंत सांगते" एवढंच. संध्याकाळपर्यंत बहुतेक वेळा ते काम दुसऱ्या कोणाकडे तरी गेलेलं असतं.

मॅनेजरला स्पष्ट सांगा, आणि सांगितलेलं मेलवर टाका

जून-जुलैमध्ये, म्हणजे मागचं अप्रेझलचं सायकल (वर्षाची फेरी) संपून सगळे जरा शांत झालेले असताना, मॅनेजरकडे अर्धा तास मागायचा. चहा घेताना, लिफ्टमध्ये, कॅन्टीनच्या लाइनीत हे बोलायचं नाही, कॅलेंडरवर मीटिंग टाकायची. आणि गोल गोल न बोलता: "मला या सायकलमध्ये लीडसाठी विचारात घ्यावं अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी माझ्यात आज काय कमी आहे, आणि कोणतं काम केलं की ते भरून निघेल?" मग गप्प बसायचं. आपण गडबडीने "म्हणजे जमलं तर हं, नाहीतर पुढच्या वर्षी" असं स्वतःच मागे घेतो, ते करायचं नाही.

उत्तर "तू छान करतेयस, असंच चालू ठेव" असं आलं तर ते उत्तर नाही. पुन्हा विचारा, अगदी नम्रपणे, की म्हणजे नेमकं काय दिसलं की तुम्ही मीटिंगमध्ये माझं नाव घ्याल. "जरा ॲग्रेसिव्ह वाटतेस" किंवा "जरा शांत आहेस" असं आलं तर प्रसंग विचारा, कोणत्या मीटिंगमध्ये, कोणाशी बोलताना. प्रसंग सांगितला तर त्यात शिकण्यासारखं काही असेल ते शिकू. सांगता आला नाही तर ती फक्त त्यांची समजूत आहे आणि ती तिथल्या तिथे त्यांनाही कळते.

मीटिंग संपली की त्याच दिवशी मेल. चार ओळी पुरे: आज आपलं असं बोलणं झालं, तुम्ही या दोन गोष्टी सांगितल्यात, मी यातली पहिली सप्टेंबरपर्यंत आणि दुसरी डिसेंबरपर्यंत करते, दर महिन्याला पंधरा मिनिटं बोलूया. मेल कशाला तर मॅनेजर बदलतात. पुण्यात आयटीत मॅनेजर ऑक्टोबरमध्ये कंपनी सोडून जाणं काही नवीन नाही, आणि नवीन मॅनेजर आला की तुमचं वर्ष कोरं. मेल असला तर कोरं राहत नाही.

लिहिलेल्या गोष्टीत ताकद असते याचं पुण्यातलंच उदाहरण आहे. १९७४ मध्ये सुधा कुलकर्णी, म्हणजे आत्ताच्या सुधा मूर्ती, यांनी टेल्कोची (आत्ताच्या टाटा मोटर्सची) जाहिरात पाहिली, त्यात स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. मुलाखतीला बोलावणं आलं आणि पुण्यातच नोकरी लागली. सगळ्यांनी ही गोष्ट हजारदा ऐकलीय, पण मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तक्रार लिहून गेली आणि निर्णय ज्याच्या हातात होता त्याच्याकडेच गेली.

ऑनसाइट, ट्रॅव्हल, नाइट सपोर्ट याबद्दल कोणी तुमच्या वतीने ठरवायच्या आधी तुम्हीच सांगा. "माझं लग्न डिसेंबरमध्ये आहे, तरी मला प्रोजेक्टला जायला आवडेल, कृपया माझं नाव गाळण्याआधी मला विचारा." हेही मेलवर. पासपोर्ट काढून तयार ठेवा, लग्नानंतर नाव बदलायचं की नाही तो तुमचा प्रश्न, पण बदलणार असाल तर पासपोर्ट, पॅन, पीएफ सगळीकडे एकच ठेवा, नाहीतर ऐन वेळी व्हिसाची कागदपत्रं अडकतात आणि संधी जाते.

अजून एक. तुमच्या मॅनेजरशिवाय त्या खोलीतल्या आणखी एका माणसाला तुमचं काम माहीत पाहिजे. सल्ला देणारे खूप मिळतात, नाव घेणारं कोणीतरी हवं. पुरुषांचं हे टपरीवर, क्रिकेटच्या ग्रुपवर, शुक्रवारी रात्री बाणेरला जेवायला गेले की आपोआप होतं, आपल्याला साडेसहाची बस पकडायची असते कारण वाकड पुलाखाली अडकलं की पाळणाघर बंद व्हायची वेळ होते. म्हणून ते ऑफिसच्या वेळातच करायला लागतं. दुसऱ्या टीमला लागणारं एखादं काम मागून घ्या, त्याचा डेमो स्वतः द्या, कोणालाही देऊ देऊ नका. डेमोला दुसऱ्या डिपार्टमेंटचे दोन मॅनेजर बोलवा. महिन्यातून एकदा दुपारचं जेवण सीनियर कोणाबरोबर घ्या, आणि बोलायचं कामाबद्दलच.

पगार

याबद्दल आपण फार कमी बोलतो आणि त्याचा फायदा कंपनीला होतो. तुमच्या लेव्हलचा बाजारभाव शोधा, मैत्रिणींना विचारा, मित्रांना तर नक्कीच विचारा कारण फरक तिथेच कळतो. फक्त सीटीसी (म्हणजे वर्षाचं एकूण पॅकेज) विचारू नका, फिक्स्ड किती, व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) किती, जॉइनिंग बोनस किती हे वेगवेगळं विचारा. समान कामाला समान पगार हा कायदा १९७६ पासून आहे, आता तो वेतन संहितेत आलाय, शिवाय २० किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसांना लागू होणारा महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आहे, त्यात भरती, ट्रेनिंग, बदली, प्रमोशन आणि पगार या सगळ्यात बाईला वेगळं वागवायला मनाई आहे. एचआरशी बोलताना कायदा काढायची गरज सहसा पडत नाही. "माझ्या लेव्हलच्या पगाराच्या बँडमध्ये मी कुठे आहे, खाली, मध्ये की वर?" एवढा प्रश्न विचारा. खाली असाल आणि रेटिंग चांगलं असेल तर ते दुरुस्त का करत नाही याला एचआरकडे उत्तर नसतं.

बाळ होणार असेल तर, हे नीट वाचा

इथे सगळ्यात जास्त बायका मागे पडतात. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी दाखवलं की एकसारखं शिकलेल्या, एकाच कामातल्या स्त्री-पुरुषांच्या पगारात आजचा फरक पडतो तो मुख्यतः पहिलं मूल झाल्यावर. आणि मोठं कारण हे की ज्या नोकऱ्या कधीही फोन केला की हजर राहणाऱ्याला भरपूर पैसे देतात, तिथे घरात एकाला वेळ काढावा लागतो, आणि तो काढते आई.

कायद्याने काय मिळतं ते आधी. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात, डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या कंपनीत ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे. तिसऱ्या वेळी १२ आठवडे. गर्भपात झाला तर ६ आठवडे, हे खूप जणींना माहीतच नसतं आणि बिचाऱ्या सिक लीव्ह संपवतात. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कंपनीने द्यायची आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला बघायला जाऊ द्यायचं. रजेवर असताना काढून टाकता येत नाही, आणि नोकरीच्या अटीही तुमच्या तोट्याच्या करता येत नाहीत. २०१७ ला १२ चे २६ आठवडे झाले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता आल्या तरी हे २६ आठवडे तसेच आहेत.

आता जे कायद्यात लिहिलेलं नाही ते. रजेवर जायच्या महिनाभर आधी मॅनेजर आणि एचआर दोघांना धरून तीन गोष्टी मेलवर घ्या. एक, जेवढे महिने काम केलं त्याचं रेटिंग आत्ता लिहून द्या, मी नसताना कोणी अंदाजाने भरू नये. दुसरी, माझं काम कोणाकडे जातंय आणि परत आल्यावर मी कोणत्या रोलवर येतेय. तिसरी, रजेच्या काळात कॅलिब्रेशन येतंय का, येत असेल तर माझी बाजू कोण मांडणार. ही तिसरी फार थोड्या बायका विचारतात आणि नेमकं तिथेच नाव गळतं, "ती तर रजेवर आहे" म्हणून. सहा महिने रजा म्हणजे बाकीच्या सहा महिन्यांचं काम पुसलं गेलं असं नाही, आणि हे त्यांना आठवण करून द्यावं लागतं.

परत आल्यावर बेंचवर (म्हणजे प्रोजेक्टशिवाय) किंवा "हलकं काम" म्हणून रिपोर्ट बनवायला बसवलं तर पहिल्या आठवड्यातच आधीचा मेल दाखवून बोला. दोन महिन्यांनी बोललात तर तुम्हाला ते चालतंय असं धरलेलं असतं. हलकं काम हवंच असेल, झोप होत नाहीये, शरीर अजून सावरलेलं नाही, तर ते जरूर मागा, पण तारीख घालून, "तीन महिने, त्यानंतर पूर्ववत".

आणि घर. सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे ८८. हे दोनशे मिनिटं रोजचे आहेत हो, यातूनच कोणाला सर्टिफिकेशन होतं आणि कोणाला होत नाही. घरी बोलणं ऑफिसात बोलण्यापेक्षा अवघड, मला माहितीये, विशेषतः सासूबाई बाळाला सांभाळत असतील तर त्यांच्या उपकाराचं ओझं असतं. पण "मदत कर" असं नवऱ्याला म्हणू नका, काम पूर्ण त्याच्या नावावर करा. सकाळचा डबा आणि व्हॅनपर्यंत सोडणं त्याचं, म्हणजे आदल्या रात्री भाजी काय ते आठवणंही त्याचं. आणि एक अगदी छोटी गोष्ट आजच करा: पाळणाघर आणि शाळेच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर बाबांचा टाका. ताप आला की फोन पहिल्या नंबरवर जातो, आणि मीटिंग सोडून उठायचं कोणी ते तिथे ठरतं. माझ्या टीममधल्या एका मुलीने एवढं एकच केलं आणि मला म्हणाली, ताई, वर्षभरात पहिल्यांदा आख्खा आठवडा मी ऑफिसात होते.

रात्रीचं काम आणि त्रास

महाराष्ट्राच्या त्याच २०१७ च्या कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला काम द्यायचं तर तिची संमती पाहिजे आणि सुरक्षा, घरापर्यंत गाडी ही जबाबदारी कंपनीची. २००७ मध्ये पुण्यात नाइट शिफ्टला नेणाऱ्या कॅबमध्ये एका बीपीओतल्या मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला होता, पुणेकर ते विसरलेले नाहीत. म्हणून कॅबमध्ये गार्ड आहे का, पहिली पिकअप आणि शेवटची ड्रॉप बाईची नाही ना, हे विचारण्यात काहीही संकोच नको. पण गाडी द्यावी लागते म्हणून बायकांना प्रोजेक्टच नको, असं कोणी म्हणत असेल तर तो भेदभाव आहे. "मी तयार आहे, नियमाप्रमाणे कॅब लागेल" हे लिहून द्या.

लैंगिक छळाबद्दल २०१३ चा पॉश कायदा आहे. १० किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, अध्यक्ष सीनियर बाई, निम्म्या तरी बायका आणि एक बाहेरची सदस्य व्यक्ती. तक्रार लेखी, घटनेपासून ३ महिन्यांत, योग्य कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. ऑफिस दहापेक्षा छोटं असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, घरकाम करणाऱ्या मावशींनाही हाच रस्ता आहे. आणि हे खास लक्षात ठेवा, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच तुमचा मॅनेजर असेल तर चौकशी चालू असताना त्याने तुमचं अप्रेझल लिहू नये अशी मागणी तुम्ही लेखी करू शकता, नियमांमध्ये तशी तरतूद आहे. बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजाही मागता येते. रेटिंगच्या भीतीने गप्प बसलेल्या मुली मी पाहिल्यात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

एवढं करूनही झालं नाही तर

कारण लेखी मागा. "स्लॉट नव्हते" हे एका वर्षी खरं असू शकतं, तेव्हा विचारा की पुढच्या सायकलला माझं नाव पहिलं असेल का, आणि तेही मेलवर घ्या. दुसऱ्या वर्षीही तेच ऐकू आलं तर मी तरी थांबा म्हणणार नाही. हिंजवडी नाही तर खराडी, खराडी नाही तर मगरपट्टा, आयटीत असाल तर बाजार खुला आहे, कारखान्यात असाल तर चाकण, रांजणगाव, तळेगाव आहे. बाहेर बघताना जो लीडचा रोल इथे मिळत नव्हता त्याच रोलसाठी अर्ज करा, जेडीतल्या (नोकरीच्या जाहिरातीतल्या) सगळ्या अटी पूर्ण होत नाहीत म्हणून थांबू नका, अर्ध्याहून जास्त जमत असलं की टाका, वर्षभराची ती वही आता तुमचा रेझ्युमे आहे. राजीनामा द्यायच्या आधी व्हेरिएबल कधी जमा होतं आणि त्या तारखेला कंपनीच्या नोकरीत असणं गरजेचं आहे का ते पॉलिसीत बघा, नोटिस पिरियड ९० दिवसांचा असेल तर नवीन कंपनीला आधीच सांगा, आणि गरोदर असताना किंवा लवकरच प्लॅन असेल तर त्या ८० दिवसांचं गणित मांडून मगच जॉइनिंगची तारीख द्या.